परक्या भाषेतलं रडणं

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, आईला नाही. माहूरला रेणुकामातेसमोर हात जोडून उभी होते, तेव्हा तिलाही नाही — आणि तिथे तर लोक कुणी न विचारता सगळं बोलून मोकळे होतात. खरं तर हे शिवकन्येला सांगायला हवं होतं. तिला सांगायची हिंमत झाली नाही, म्हणून तुमच्यापाशी आले आहे.

सुरुवात जपानी गाण्यांपासून करावी लागेल. हसू येईल तुम्हांला. येऊ द्या. कंधार तालुक्यातल्या खेड्यात वाढलेली, रसायनशास्त्रात एम.एस्सी. झालेली बाई — तिचा आणि जपानचा संबंध काय? काही नाही. तरी माझ्या हातून झालेलं सगळ्यात वाईट काम मी एका जपानी गाण्याच्या आडून केलं. ते गाणं मला अजून पाठ आहे. पोळ्या लाटताना मध्येच ओठांवर येतं आणि मग मी मुद्दाम भांडी आपटते.

तेव्हा मी आणि शिवकन्या लातूरला एका खोलीत राहायचो. ट्यूशन एरियातल्या एका शिकवणी वर्गात आम्ही डाऊट काउंटरला होतो. म्हणजे मोठे सर शिकवून गाडीत बसून निघून जायचे आणि पोरांना जे कळलं नाही, ते घेऊन पोरं आमच्या टेबलापुढे रांग लावायची. मी रसायनशास्त्र, ती जीवशास्त्र. दिवसभर दुसऱ्यांच्या लेकरांच्या शंका सोडवायच्या आणि संध्याकाळी आपल्या शंका घेऊन खोलीवर यायचं. शिवकन्या रेणापूरची. उंच, आवाज मोठा, हसली की खालच्या मजल्यावर ऐकू जायचं. खाली सुमनकाकू राहायच्या, आमच्या घरमालकीण, एकट्याच. नळाला पाणी आलं की त्या जिन्यातून हाक मारायच्या. लातुरात पाणी कधी येणार हे नळालाच ठाऊक, त्यामुळे त्यांच्या हाकेला आम्ही फार मान द्यायचो.

भौतिकशास्त्राच्या काउंटरला एक मुलगा होता, किल्लारीचा. त्याचं नाव घेत नाही, या सगळ्यात त्याचं काम थोडंच आहे. दोनेक वर्षं आमचं होतं. लग्न करायचं असंच आम्ही धरून चाललो होतो — निदान मी तरी. मग एके सकाळी तो काउंटर-काउंटरवर फिरून लग्नपत्रिका वाटत आला आणि माझ्याही टेबलावर एक ठेवून गेला. वर माझं नाव आणि पुढे ‘सहकुटुंब सहपरिवार’. रांगेत पोरं उभी होती. मी पत्रिका बाजूला सारली आणि पुढच्या पोराचं गणित सोडवून दिलं. बरोबर सोडवलं. त्या वेळी मला त्याचा अभिमानसुद्धा वाटला होता.

पण रडायला जागा लागते ना? हे कुणी लक्षात घेत नाही. भाड्याच्या खोलीत हिंदी दर्दभरं गाणं लावून बसलं की काकू दारात हजर — “काय झालं गं माय?” मराठी लावलं तर शब्द न् शब्द जिन्याला कळतो. शिवाय हिंदी गाणी सगळी त्यानेच पाठवलेली. त्यातलं कुठलंही लावलं की त्याचंच तोंड समोर यायचं. एका रविवारी दुपारी मोबाइलवर एकामागून एक काहीबाही आपोआप लागत गेलं आणि त्यात एक जपानी गाणं आलं. एका बाईचा आवाज, मागे पियानो, बस्स. भाषा ओ की ठो कळत नव्हती. आणि मला रडू आलं. मनसोक्त. काकू वर आल्या, दारातून कान देऊन ऐकलं आणि “अभ्यास चाललाय व्हय? चालू द्या,” म्हणून खाली गेल्या. शिकलेल्या पोरी कसल्या कसल्या भाषेत काय काय ऐकतात, असं वाटलं असेल त्यांना.

खाली कुणीतरी इंग्रजीत अर्थ दिलेला होता. तो वाचला आणि मी थक्क झाले. पूर्ण गाण्यात ती बाई एवढंच म्हणते की थंडी सरली आहे, तुझा कोट उन्हात टाकलाय, संध्याकाळी झटकून घडी करून ठेवीन. संपलं. कुणी बेवफा नाही, कुणाला शाप नाही, ‘मर जाऊंगी’ नाही. तो गेला आहे हेसुद्धा ती सांगत नाही, कोट घरी राहिलाय यावरून आपणच समजायचं. मला ते सभ्य वाटलं. माझं दुःखही त्या भाषेत गेलं की जरा नीटनेटकं व्हायचं. मग मी तशीच गाणी शोधत राहिले. बहुतेक सगळ्यांत कुणीतरी स्टेशनवर उभं असतं किंवा छत्री परत द्यायची राहिलेली असते. ‘माफ कर’ हे जपानीत किती तऱ्हांनी म्हणतात, ते मला तेव्हा कळलं. ते शब्द मी चालीसकट म्हणू शकते. मराठीत मात्र जिथे म्हणायला हवे होते, तिथे माझी वाचा बसली.

शिवकन्या सुरुवातीला हसायची. “ही बाई कामून रडून राहिली गं? कोट तर उन्हात टाकला की तिनं.” पण हसून झालं की माझ्या शेजारी भिंतीला टेकून बसायची. मोबाइल मधे धरून, एक कान माझा, एक कान तिचा, असं आम्ही ऐकायचो. मला जेवण जायचं नाही, तर ताटात भाकरी कुस्करून माझ्यासमोर धरायची. वर्गात माझी पाळी असली की स्वतः जाऊन बसायची. रसायनातलं तिला फारसं येत नव्हतं, पण पोरांवर ओरडून वेळ मारून न्यायची. पुढे तिलाही ती गाणी आवडायला लागली. अर्थ विचारायची, मी सांगायची. माझं रडणं जवळून बघितलेलं माणूस जगात एकच आहे आणि ते म्हणजे शिवकन्या. हे लक्षात ठेवा, कारण मी ते लक्षात ठेवलं नाही.

मग तिला बालाजीचं स्थळ आलं. मुखेडकडे जनावरांचा डॉक्टर, घर नांदेडला. रेणापूरला बघायला आले, मुलगी पसंत पडली, पण सुपारी फुटायला वेळ होता. मोठ्या माणसांची बोलणी चालू होती आणि तोवर या दोघांचे फोन सुरू झाले. तिने हौसेनं सगळं मला सांगावं आणि मी ऐकावं. म्हशीच्या पोटातून त्याने काय काय बाहेर काढलं इथपासून लग्नानंतर मुखेडला खोली कुठे बघायची इथपर्यंत. मी हसत होते. माझं हसणं खोटं होतं असंही नाही. आनंद होता, त्याखाली दुसरंही काहीतरी होतं आणि ते रोज थोडं थोडं वर येत होतं.

एका सकाळी ती गच्चीवर कपडे वाळत घालत होती. मी बादली घेऊन वर गेले तर ती गुणगुणत होती — ते कोटाचं गाणं. केस मोकळे, ओल्या ओढणीला झटका देत, त्या चालीवर मान हलवत. आनंदात. माझं गाणं. ज्या गाण्यात मी माझा मेलेला संसार घडी करून ठेवला होता, ते गाणं ही बाई लग्नाच्या खुशीत गात होती. मला बघून म्हणाली, “अगं, मी बालाजीला पाठवलं हे. अर्थ बी सांगितला, तू सांगितलास तसाच. त्याला लई आवडलं. म्हणतो, लग्नात मी कोटच घालणार हाय, उन्हात तूच टाकायचा.”

आणि ती हसली. खालच्या मजल्यापर्यंत ऐकू गेलं असेल.

एवढंच झालं. तुम्ही म्हणाल, एवढ्यावरून? हो, एवढ्यावरूनच. तिने मला काही कमी केलं नव्हतं, माझं काही हिसकावलं नव्हतं. एक गाणं तिने पुढे पाठवलं होतं. पण माझं अंग जळत होतं. मी बादली तिथेच ठेवून खाली आले.

पुढचं सांगायच्या आधी आमच्याकडची रीत सांगते. सोयरीक जमवताना चौकशी करतात. घरच्यांना विचारून काय उपयोग, ते चांगलंच सांगणार. म्हणून तिसऱ्याला विचारायचं — शेजारी, मास्तर, किराणावाला, खोलीतली मैत्रीण. आणि चौकशीत कुणी कधी उघड वाईट बोलत नाही. तसं बोललं तर बोलणाऱ्यावर येतं. ‘चांगली आहे’ म्हणायचं आणि मग जरासं थांबायचं. त्या थांबण्यात सोयरिकी मोडतात. हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही कळतं. तेव्हा मला कळलं नाही, असं मला म्हणता येणार नाही.

दसऱ्याच्या सुट्टीत मी नांदेडला मावशीकडे गेले होते. बालाजीच्या आत्याबाई त्याच गल्लीत राहायच्या. मी आलेय हे कळल्यावर त्या मुद्दाम चहाला आल्या. नऊवारी, कपाळावर मोठं कुंकू, तोंडाने गोड. बशीत चहा ओतता ओतता म्हणाल्या, “तू संग राहतीस, तुला समदं ठाव असंल. पोरगी कशी हाय? खरं सांग माय, आमच्या लेकराच्या जन्माचा सवाल हाय.”

“लई चांगली आहे,” मी म्हणाले. कामाला चपळ आहे, मनाने मोकळी आहे, वर्गात पोरं तिच्यावर जीव टाकतात. सगळं खरं होतं. त्यांनी समाधानानं बशी तोंडाला लावली.

आणि मी थांबले.

बशी तिथेच राहिली. “काय गं?” त्या म्हणाल्या.

“काही नाही,” मी म्हणाले. मग पुन्हा थांबले. काय करून राहिले आहे, हे मला पूर्ण कळत होतं. हातात कप होता, कपाचा कान जरा तुटलेला होता, त्यावरून मी बोट फिरवत होते. “काही नाही, आत्याबाई. कधी कधी कडी लावून बसते. गाणी ऐकत. रडते.”

“कशाची गाणी?”

“काय की. कुठली भाषा आहे, आपल्याला कळत नाही.”

आपल्याला कळत नाही. असं मी म्हणाले. त्यातली ओळ न् ओळ मला पाठ होती. कडी मी लावायची, रडायचे मी, आणि जी बाई माझ्यासाठी भाकरी कुस्करून बसायची, तिच्या नावावर मी माझं सगळं रडणं घालून मोकळी झाले. एक शब्दही नवीन रचावा लागला नाही. फक्त माणूस बदललं.

आत्याबाईंनी बशी खाली ठेवली. “बरं झालं बाई सांगितलंस,” म्हणाल्या. उरलेला चहा त्यांनी घेतला नाही. मावशी आतून चिवडा घेऊन आली, तोवर त्या पायात चपला घालत होत्या.

मला पश्चात्ताप झाला का? लगेच नाही. त्या दिवशी मी मावशीकडे पोटभर जेवले. पुढच्या आठवड्यात निरोप आला, पत्रिका जुळत नाही. तेव्हा कुठे झाला. मला वाटलं होतं — काय वाटलं होतं? जरा कुरबुर होईल, थोडे दिवस लांबेल, शिवकन्येची ती गुणगुण थांबेल. मोडेल असं वाटलं नव्हतं, असं मी स्वतःला कित्येक वर्षं सांगत आले. खोटं आहे ते. मोडावं म्हणूनच मी थांबले होते.

पत्रिकेचं कारण फार दिवस टिकलं नाही. मध्यस्थाने रेणापूरला जाऊन खरं काय ते सांगितलं. खरं म्हणजे, नांदेडहून निघालेलं तिथे पोचेपर्यंत जे काही झालं होतं ते. पोरगी कडी लावून परक्याच भाषेत बोलते. तिला बाहेरचं आहे. बालाजीने एकदा फोन केला. “घरी कुणी माझं ऐकून न्हाई राहिलं,” म्हणाला, थोडा टाइम दे म्हणाला. त्यानंतर त्याचा फोन लागायचा बंद झाला. त्याच हंगामात त्याचं लग्न झालं. कोट घातला असेल.

“कुणी सांगितलं असंल गं?” शिवकन्या दिवसभर एवढंच विचारायची. रडत नव्हती अजून, नुसती शोधत होती. “गाणी कुणाला ऐकू जात होती? खालीच ना?” आणि तिचे डोळे जिन्याकडे गेले.

तेव्हा सांगता आलं असतं. खोलीत आम्ही दोघीच होतो. मी काय म्हणाले माहीत आहे? म्हणाले, “जाऊ दे, म्हातारं माणूस आहे. मुद्दाम नसेल बोलल्या.” कसं वाटतं ऐकायला? मोठ्या मनाची मैत्रीण. त्या एका वाक्याने मी सुमनकाकूंना पुरतं गुन्हेगार करून टाकलं आणि वर माझा चांगुलपणाही दिसला.

शिवकन्या खाली गेली आणि तिच्या मोठ्या आवाजात काकूंना नको नको ते बोलली. काकू जिन्याच्या पायरीवर बसून होत्या. “मी न्हाई बोलले माय कुणाला. मला काय ठाव तुमची गाणी? मला वाटलं अभ्यास करून राहिल्यात,” एवढंच म्हणत होत्या. मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, “तू तरी सांग तिला.” मी खाली मान घालून गादी गुंडाळत होते. त्याच आठवड्यात आम्ही खोली बदलली. सामान टेम्पोत चढवताना काकूंनी पाण्याची बाटली भरून दिली. शिवकन्येने ती घेतली नाही, मी घेतली. पुढे काकू वारल्याचं कळलं. आम्ही गेलो नाही. शिवकन्या म्हणाली, तिच्या दारात मी पाय ठेवणार न्हाई. मी म्हणाले, बरोबर आहे.

रेणापूरला बायका शिवकन्येच्या आईला आडून आडून विचारायला लागल्या. शेवटी आईने माहूरला जायचं ठरवलं आणि मलाही सोबत घेतलं, कारण माझ्याशिवाय शिवकन्या यायला तयार नव्हती. जीपमध्ये आई माझ्याशेजारी बसली होती. हळू आवाजात म्हणाली, “मला काय खूळ लागलंय का? माझ्या लेकीला काय बी न्हाई झालं. पण जाऊन आलं की लोकांची तोंडं बंद होतेत.” आणि माझा हात हातात घेऊन बसून राहिली. पूर्ण रस्ताभर. मला तो सोडवून घेता येईना.

गड चढताना शिवकन्या मला म्हणाली, “देवीला जपानी येत असंल का गं?” आणि पोट धरून हसली. चार पायऱ्या वर गेली आणि बसली. ओढणी तोंडावर घेतली. बालाजीचं मोडल्यापासून ती पहिल्यांदा रडली ती तिथे, गडाच्या पायऱ्यांवर, येणारे-जाणारे बघत असताना. एक म्हातारी थांबून आईला म्हणाली, “आणलंत ते बरं केलं, आईसाहेब मोकळं करतेत.” आईने शिवकन्येला हाताला धरून उठवलं. वर पुजाऱ्याने शिवकन्येच्या कपाळावर कुंकू फासलं, आम्हांला तांबूल दिला. मी तो तोंडात धरून देवीसमोर उभी राहिले. तोंड भरलेलं होतं म्हणून बोलता आलं नाही, असं म्हणू का? रिकामं असतं तरी बोलले नसते. लाज वाटत होती आणि त्याहून जास्त भीती वाटत होती. शिवकन्या मला सोडून जाईल, ही भीती. तिला एकटं पाडून तिलाच गमवायला घाबरत होते.

नव्या खोलीत आल्यावर ती म्हणाली, “तुझं ते कोटाचं गाणं लाव.” मी लावलं. एक कान तिचा, एक कान माझा. तिने स्वतःच उठून कडी लावली. मग रोज लावायला लागली. कडी, गाणं, रडणं. मी आत्याबाईंना जे खोटं सांगितलं होतं, ते अक्षर न् अक्षर खरं झालं आणि मी शेजारी बसून ते बघत होते. ती अर्थ विचारायची. या ओळीत काय म्हणते, त्या ओळीत काय म्हणते. मी सांगायची. जखम माझीच आणि मलमपट्टीलाही मीच. मी चांगलं सांगायची बरं का. तिच्यासाठी नवी नवी गाणी शोधायची, तिला झेपतील अशी आधी आणि जड असतील ती मागून. भाकरीही कुस्करून द्यायची. ती बरी होत गेली तसं मला वाटायचं, फिटतंय, फिटतंय. असं फिटत असतं तर काय हवं होतं?

“तू होतीस म्हणून मी तगले,” ती म्हणते. अजून म्हणते, चार माणसांत म्हणते. माझ्या मुलीच्या बारशाला तिने सगळ्यांसमोर सांगितलं की त्या गाण्यांनी मला तारलं आणि ती गाणी मला हिनं दिली. बायका कौतुकानं माझ्याकडे बघत होत्या. मी पाळण्याची दोरी ओढत राहिले.

आणि माझं लग्न कसं झालं, तेही सांगते, नाहीतर अर्धंच सांगितल्यासारखं होईल. माझं स्थळ आलं तेव्हा सासूबाईंनी चौकशी केली. कुणाकडे? शिवकन्येकडे. तिची सोयरीक मोडून फार दिवस झाले नव्हते. तिला माझं सगळं ठाऊक होतं — किल्लारीचा, दोन वर्षं, ते रडणं. नुसतं थांबली असती तरी पुरे होतं. सासूबाई अजून आठवण काढतात, “तुझी मैत्रीण काय म्हणली माहिताय? डोळे झाकून करा, म्हणली. श्वास बी घेतला न्हाई पोरीनं.” माझा नांदेडचा संसार, ही दोन लेकरं, ही गॅसची शेगडी, सगळं तिच्या त्या एका वाक्यावर उभं आहे. सासूबाई हे सांगायला लागल्या की मी उठून आत जाते. त्यांना वाटतं मी लाजते.

शिवकन्येचं लग्न झालं नाही. दोन-तीन स्थळं आली, पण रेणापूरला चौकशी केली की कुणीतरी माहूरचं काढायचं. हल्ली ती तिथल्याच ज्युनिअर कॉलेजात शिकवते. आई थकली आहे. शिवकन्येचा आवाज अजून मोठा आहे, हसणं मात्र जरा उशिरा येतं.

गेल्या महिन्यात तिला लातूरचं एक स्थळ आलं. बायको वारलेली, एक लहान मुलगी आहे. दोघं भेटले, बोलले, आणि फोनवर तिचा आवाज ऐकून मी ओळखलं. किती वर्षांनी तसा ऐकला. म्हणाली, “त्यांची बहीण तुला फोन करील. मी तुझाच नंबर दिलाय. दुसऱ्या कुणाचा भरवसा न्हाई.”

फोन आला तेव्हा मी स्वयंपाकघरात होते. गॅसवर दूध होतं. सासूबाई भाजी निवडत बसल्या होत्या. बहीण बोलायला साधी होती. आधी तिने माझ्या लेकरांची चौकशी केली, मग म्हणाली, “ताई, मोकळं सांगा. पहिली सोयरीक कामून मोडली होती?”

“कुणीतरी खोटं सांगितलं होतं,” मी म्हणाले.

“कुणी?”

दूध वर आलं. मी गॅस बारीक केला. सासूबाईंनी मान वर करून बघितलं.

“माहीत नाही,” मी म्हणाले.

“बरं. तसं दुसरं काही न्हाई ना, ताई?”

“काही नाही,” मी म्हणाले. न थांबता.

तिने समाधानानं फोन ठेवला. मी दूध उतरवलं, त्यावर झाकण ठेवलं. दोन शब्द होते ते. मावशीच्या घरी, आत्याबाई बशी हातात धरून माझ्याकडे बघत होत्या, तेव्हाही एवढंच म्हणायचं होतं.